सना नावाचा समुद्र

फोनच्या पडद्यावर ‘शौकतभाई परकार’ हे नाव आलं, म्हणून उचलतानाच मी म्हणाले, “बोला, आज काय पटलं नाही?” आमच्या बोलण्याची सुरुवात वर्षानुवर्षं अशीच होती. सकाळच्या बातमीत, मुलांच्या क्रमिक पुस्तकात, कुठल्यातरी जाहिरातीत एखादा आकडा त्यांना खटकायचा आणि शाळेच्या मधल्या सुट्टीत ते मला गाठायचे.  पलीकडून त्यांच्या पत्नीचा, शमीमभाभींचा आवाज आला. अगदी हळू, शेजारी कोणी झोपलेलं असावं असा. “टीचर, सनाचे अब्बा आपल्याला सोडून गेले.” स्टाफरूममध्ये कोणीतरी मायक्रोवेव्ह लावला होता, त्याची घरघर चालू होती.  भाभी पुढे काहीतरी सांगत होत्या... चहा घेतला, छातीत कळ आली, अॅम्ब्युलन्स आली. मी ऐकत होते, आणि मनात एकच मूर्ख विचार घोळत होता की फोन तर त्यांचाच आलाय.

अबुधाबीत आम्हा दोघांच्या कुटुंबांना वीसेक वर्षं झाली. ते रत्नागिरीकडचे, मी वसईची. आमच्याकडे कोणी गेलं की परदेशातली लेकरं येईपर्यंत मृतदेह ठेवतात, शेवटचं तोंड बघू देतात. त्यांच्याकडे थांबत नाहीत. कागदपत्रं झाली तशी संध्याकाळच्या आत शौकतभाईंना बनियासच्या कबरस्तानात नेलं, आणि त्यांची एकुलती एक मुलगी सना, जी युरोपात खगोलशास्त्रात पीएचडी करते, ती दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली. विमानतळावरून तिला आणायला मी आणि माझा नवरा रॉबर्ट गेलो होतो. गाडीत ती एकदाच बोलली. “मॅम, मला कुणीतरी सांगतंय म्हणून मी हे मानायचं का?” तिच्या वडिलांनी विचारलं असतं तसंच तिने विचारलं, आणि मला पुढचा सगळा रस्ता तिच्याकडे वळून बघवलं नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात आणखी एक झालं. दुपारी फोनमध्ये काही शोधताना माझ्या लक्षात आलं की शौकतभाईंच्या नावाखाली ‘ऑनलाइन’ असं दिसतंय. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम बघितलं, आणि होतंच. मी पदार्थविज्ञान शिकवते, भुताखेतांवर विश्वास ठेवायला मला पगार मिळत नाही, पण खरं सांगते, मी घाबरले होते. मग त्यांचाच आवाज डोक्यात आला, आधी यंत्र तपासा टीचर, मग घाबरा. भाभींना विचारलं. त्या ओशाळल्या. त्यांच्या फोनवर जागा नाही म्हणून जुने व्हॉइस मेसेज शौकतभाईंच्याच फोनवर राहिलेत, आणि जेवण झाल्यावर त्या ते ऐकत बसतात. ‘येताना पाव आणू का’, ‘खाली उभा आहे, ये’, असलेच. कारण कळलं. पण अजूनही दुपारी ते नाव उजळलं की मी हातातलं काम सोडून बघत राहते, आणि त्याचं कारण मात्र मला सापडलेलं नाही.

त्यांची माझी ओळख झाली तीच भांडणातून. सना तेव्हा आठवीत, माझ्या वर्गात. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिने विश्वाचा तक्ता केला होता. भलंमोठं वर्तुळ, त्यातला बहुतेक भाग काळा रंगवलेला. काळ्यातला एक हिस्सा कृष्णद्रव्याचा, दुसरा कृष्णऊर्जेचा, आणि आपण, तारे, ग्रह, समुद्र, सगळे मिळून एका पातळशा पिवळ्या फाकेत. पोरगी पाठ केलेलं घडाघडा सांगत होती. पालकांच्या घोळक्यातून एक उंच, किडकिडा माणूस पुढे आला, चष्मा कपाळावर चढवून तक्ता वाचला आणि अगदी प्रेमाने विचारलं, “मोजलं कशाने?” सना तक्त्याकडे बघायला लागली. त्यांनी पुन्हा विचारलं. काळा रंग दिलास ना बाय, मग तो किती द्यायचा ते कुणी मोजलं, कशाने मोजलं? सनाच्या डोळ्यांत पाणी आलं. परीक्षकांपैकी एकजण हसला. मी मध्ये पडले आणि त्या गृहस्थांना म्हणाले की मुलांना असं सगळ्यांसमोर उघडं पाडणं शोभत नाही, तुम्ही कोणाचे पालक? ते म्हणाले, “हिचाच बाप.” त्या दिवशी मी त्यांना चांगलंच सुनावलं. दुसऱ्या आठवड्यात ते खजुराचा डबा घेऊन शाळेत आले आणि म्हणाले की प्रश्न मात्र अजून तसाच राहिलाय.

शौकतभाई तेलाच्या कंपनीत इंजिनिअर होते. जमिनीखाली तेलाचा साठा किती, तो किती दाबाखाली आहे, किती वर्षं पुरेल, हे हिशेब करणारे. न दिसणाऱ्या गोष्टींचाच त्यांचा धंदा. मग न दिसणाऱ्या द्रव्याशी त्यांचं एवढं वाकडं का, हे मला बरीच वर्षं कळलं नाही. हिवाळ्यात शनिवारी संध्याकाळी आम्ही चौघं कॉर्निशवर, समुद्रकाठच्या रस्त्यावर, फिरायला जायचो. रॉबर्ट आणि भाभी पुढे, माशांच्या गप्पा मारत. आम्ही दोघं मागे, आकाशगंगा घेऊन. मी समजावायचे की आकाशगंगेच्या कडेचे तारे हवेत त्यापेक्षा फार जोरात फिरतात. दिसणाऱ्या वस्तुमानाचं गुरुत्व त्यांना धरून ठेवायला पुरत नाही, म्हणजे तिथे न दिसणारं काहीतरी असणार. ते म्हणायचे, बरोबर, किंवा तुमचा गुरुत्वाचा नियम तिथवर जाताना बदलत असेल, किंवा मापात चूक असेल. तीन दारं आहेत, तुम्ही सगळे पहिल्याच दारात का शिरता? मी म्हणायचे, एकाच मापावर कुणी बसलेलं नाही शौकतभाई, आकाशगंगांच्या झुंडींजवळून येताना प्रकाश वाकतो तो वेगळा पुरावा, विश्वाच्या बालपणीचा जो उजेड अजून पसरलेला आहे तो वेगळा, आणि सगळे तेच सांगतात. तेव्हा ते थांबायचे, समुद्राकडे बघायचे. “हां, हे वजनदार आहे.”  आणि पुढचा बाक आला की, “पण त्यातला एक कण तरी कुणाच्या हाती लागलाय का?” नाही. “मग मी थांबतो. खोटं म्हणत नाही टीचर, थांबलोय म्हणतो.”

कृष्णऊर्जेचा विषय निघाला की ते जास्त चिवट व्हायचे. दूरचे स्फोट होणारे तारे अपेक्षेपेक्षा मंद दिसले, म्हणून विश्व वेग घेत पसरतंय असं ठरलं, इथपर्यंत ते येत. मग विचारत, एवढ्या जुन्या काळातला तारा आजच्या ताऱ्याइतकाच उजळ फुटत होता, हे तिथे जाऊन कोण बघून आलं? मी चिडून एकदा म्हणाले, “पाच वेळा नमाज पढता, तिथे नाही विचारत कशाने मोजलं ते?” मला वाटलं होतं, रागावतील. ते हसले. “अल्लाहवर ईमान ठेवायला मला कुणी ग्राफ दाखवला नव्हता. ग्राफ दाखवून विश्वास ठेवा म्हणाल, तर मी आधी ग्राफ तपासणार.”  मी रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकते तेव्हा हे वाक्य आठवतं आणि प्रार्थनेत खंड पडतो, एवढं मात्र त्यांनी करून ठेवलं.

त्यांच्या या सवयीने माणसं वैतागायची. उन्हात उभ्या गाडीने तापमान बावन्न दाखवलं की मी ओरडायचे, ते शांतपणे म्हणायचे की हे डांबराचं तापमान आहे, हवेचं नाही. डॉक्टरने रक्तदाब वाढलाय म्हटलं तर पट्टा बारीक होता का ते बघायचे. भाभी म्हणायच्या, मीठ जास्त झालंय असं म्हटलं तरी हे विचारतील, कशाच्या तुलनेत. आम्ही हसायचो. सना हसायची नाही. ती शाळेत हुशार होती, पुढे कॉलेजात गेली, आणि सगळ्या विषयांतून तिने नेमका तोच निवडला. दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांवरून अंतरं काढायची आणि त्यावरून कृष्णऊर्जेचा अंदाज घ्यायचा. बापाला उत्तर द्यायला ती एवढ्या लांब गेली असं मला तेव्हाही वाटायचं. सुट्टीत घरी आली की जेवताना विषय निघायचा, शौकतभाई विचारायचे, ती दोन-तीन प्रश्नांना उत्तर द्यायची आणि मग, “खलास अब्बा, तुम्हाला पटायचंच नाहीये,” म्हणून ताट उचलायची. हळूहळू तिने कामाबद्दल सांगणंच बंद केलं. ते मग मला विचारायचे, तिचं काय चाललंय, काही बोलली का.

असंच एकदा ती परत गेल्यानंतर, कॉर्निशवर, मी त्यांना फैलावर घेतलं. म्हटलं, बाकी जगाला छळा, पण पोरीला का? तिला एकदा शाबास म्हणायला काय जातं?  रॉबर्ट आणि भाभी पुढे निघून गेले होते. शौकतभाई रेलिंगला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, “टीचर, मी एक समुद्र तयार केला होता.”

सना जन्मली त्या सुमाराची गोष्ट. ते तेव्हा दुसऱ्या एका लहानशा फर्ममध्ये होते. एका तेलक्षेत्राचा हिशेब त्यांच्याकडे होता. तेल काढत गेलं की खालचा दाब उतरायला हवा. तिथे तो उतरेना. वर्षानुवर्षं तेल काढूनही दाब जवळपास तसाच. म्हणजे खालून कुठूनतरी पाणी रेटा देत असणार, तेल निघालं की त्याची जागा घेत असणार. असं पाणी कुठल्याही विहिरीत कुणाला लागलेलं नव्हतं. पण धंद्यात ही रीत असते. हिशेब जुळत नसेल तर संगणकावरच्या नकाशात कडेला एक पाण्याचा साठा जोडून बघायचा. शौकतभाईंनी जोडला. थोडा मोठा केला, थोडा सरकवला, आणि सगळे आकडे एका रेषेत येऊन बसले. असं जुळलेलं त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्या साठ्याला संगणकात काहीतरी नाव द्यावं लागतं. बाकीचे अ, ब, क देत. घरी मुलगी झाली होती, त्यांनी नाव दिलं... सना.

दोन वर्षं तो समुद्र होता. मीटिंगमध्ये लोक त्याच्याबद्दल बोलत, सना इकडे किती पसरलाय, सना अजून किती वर्षं साथ देईल. त्याच्या भरवशावर पुढच्या विहिरी आखल्या गेल्या. मग कडेला, जिथे पाणी असायला हवं होतं तिथे, एक विहीर खणली आणि तिथे काहीच नव्हतं. शौकतभाई सगळे जुने कागद उपसत बसले. जुन्या विहिरींची खोली मोजली होती ती खोदकामाच्या यंत्राच्या उंच फलाटापासून, नव्यांची समुद्रसपाटीपासून, आणि दोन्ही एकाच रांगेत लावल्या गेल्या होत्या. दाबाचा आकडा खोलीप्रमाणे दुरुस्त करून धरतात, त्यामुळे सुरुवातीचा दाब होता त्याहून कमी धरला गेला, आणि नंतर तो उतरलाच नाही असा भास झाला. पाणी कधीच नव्हतं. “मला त्या दोन वर्षांत कुणीही विचारलं नाही टीचर, की मोजलं कशाने, कुठून मोजलं. मी पण नाही विचारलं. कारण जुळत होतं. जुळलं की माणूस विचारायचं थांबवतो.” चुकीची शिक्षा म्हणून काही फार झालं नाही, नोकरी बदलावी लागली एवढंच. पण तिथल्या माणसांनी जाताना चेष्टा केली, तुझी सना आटली. ते सांगताना त्यांचा आवाज बदलला होता. मी म्हटलं, हे सनाला सांगा, तिला सगळं कळेल. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी अभद्र बोलले. पोरीच्या नावाची गोष्ट खोटी निघाली, हे पोरीला कोणत्या तोंडाने सांगू? तुम्हीही सांगू नका. मी बरं म्हटलं.

आता भाभी इद्दतीत आहेत. नवरा गेल्यावर चार महिने आणि वर काही दिवस बाईने घरातच राहायचं असतं. खालिदियातल्या त्या फ्लॅटमध्ये त्या आणि सना, दोघीच. मी शाळा सुटली की जाते. हॉलला लागून काचेने बंद केलेली बाल्कनी आहे, शौकतभाई आसरच्या, दुपार कलल्यावरच्या, नमाजनंतर तिथे बसायचे. त्यांच्या खुर्चीवर कोणी बसत नाही, तसं ठरलेलं नाही, पण कोणी बसत नाही. मी गेले की त्या दोघी सरकून मला जागा देतात आणि चौथ्या माणसालाही जागा राहील अशाच बसतात. काही आठवडे झाले तरी सनाने लॅपटॉप उघडलेला मी पाहिला नव्हता. तिच्या गाईडची मेल येत होती, ती उत्तर देत नव्हती. शेवटी गेल्या महिन्यात एका संध्याकाळी तिने मला सांगितलं. वडील जाण्याच्या आदल्या रविवारी तिने त्यांना फोन केला होता. तिच्या गटाचं मोठं काम पूर्ण झालं होतं, निकाल स्वच्छ आला होता, तिला राहवलं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मोजलं कशाने? “मी म्हटलं, नॉट टुडे, अब्बा. अँड आय कट द कॉल.” ती खाली बघून बोलत होती. “मॅम, तुम्ही त्यांना ओळखत होता. मला खरं सांगा. ही थॉट माय होल लाइफ इज अ लाय, ना? तसं असेल तर मला परत जायचं नाहीये. मी रोज ते आकडे उघडीन आणि रोज ते मागे उभे असतील.”

सोपं होतं. एक गोड वाक्य बोलायचं होतं, की शेवटी शेवटी त्यांना पटलं होतं. कुणी तपासायला येणार नव्हतं. माझ्या तोंडावर ते आलंही होतं. पण त्या खुर्चीसमोर बसून मला ते बोलता येईना. मी म्हणाले, नाही, त्यांना पटलं नव्हतं. खोटंही वाटत नव्हतं. ते थांबले होते. आणि मग दिलेला शब्द मोडून मी त्या समुद्राची गोष्ट सांगितली, नावासकट.

 आधी बोलल्या त्या भाभी. हातातल्या तसबीहचे मणी फिरवायचे थांबवून त्या स्वतःशीच म्हणाल्या, “तरीच...” आम्ही दोघींनी त्यांच्याकडे पाहिलं. “तू बोबडं बोलत होतीस तोवर सना, सना करून घर डोक्यावर घ्यायचे. मग एक दिवस बंदच झालं. नंतर कायम बाय. मी विचारलं तर म्हणाले, बाय चांगलं वाटतं. मला वाटलं, कोकणची आठवण येत असेल.” सनाने हळूच विचारलं, म्हणजे कधीच नाही? भाभी आठवत राहिल्या. कधीच नाही, त्या म्हणाल्या. मुलीचा चेहरा तेव्हा जसा झाला तो मला लिहिता येणार नाही. तिला आयुष्यभर वाटत आलं होतं की हा माणूस आपल्यावर शंका घेतो. आणि तो तर तिला, तिच्या हातून काही आटू नये म्हणून, स्वतःला कुणीच न विचारलेला एकमेव प्रश्न पुन्हा पुन्हा देत होता. मलाही हे त्याच क्षणी कळलं, इतकी वर्षं त्यांच्याबरोबर चालून.

 मग सनाने आपली खुर्ची थोडी वळवली, वडिलांच्या खुर्चीकडे तोंड करून बसली, आणि बोलायला लागली. मराठीत, तिला जमेल तशा मराठीत, तिच्या कामाबद्दल तिला मराठीत बोलताना मी कधीच ऐकलं नव्हतं. जवळचे तारे आम्ही असे मोजतो अब्बा, पृथ्वी सूर्याच्या या बाजूला असताना एकदा आणि त्या बाजूला असताना एकदा बघतो, तारा किती सरकला त्यावरून अंतर. मग ती थांबली, कोणीतरी काही विचारेल तेवढा वेळ, आणि मान हलवून पुढे गेली. त्या मापावर ठेक्यात उजळणारे-मंदावणारे तारे बसवतो, त्यांच्या ठेक्यावरून त्यांचा मूळ उजेड कळतो. पुन्हा थांबली. हो, मध्ये धूळ असते, ती अशी वजा करतो. आणि त्यांच्यावरून स्फोटांचे तारे बसवतो, जवळचे आधी, मग लांबचे. बाहेर उजेड उतरत चालला होता, काचेत आम्ही तिघी दिसायला लागलो होतो. मी काचेकडे बघायचं टाळलं. सना म्हणाली, “आणि अगदी लांबचे, जुने जे आहेत ना, ते आजच्यासारखेच फुटत होते असं आम्ही...” इथे ती अडली.  दोन-तीन वेळा तिने सुरुवात केली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “आम्ही खूप प्रकारे तपासतो, मॅम. पण शेवटी याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाहीये.”

भाभींनी डोळे मिटलेले होते. तसबीह पुन्हा चालू झाली होती. त्या म्हणाल्या, “टीचरना काय सांगतेस, त्यांना सांग.”

“अब्बा,” सना म्हणाली, “हे अजून पूर्ण मोजलेलं नाही. मी परत जाऊन मोजते.” खालच्या मशिदीत मगरिबची अजान सुरू झाली, आणि आम्ही तिघी, पुढचा प्रश्न येईल म्हणून, तशाच बसून राहिलो.